वाशांवरचं काळं राहू दे, भिंतीवरचं काढ

पत्र

"मावशी, आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी अळूवड्या तळायला कढई ठेवली आणि वासरू सुटलं म्हणून परसात धावले. परत आले तर कढई पेटलेली. गॅस बंद केला, मोठी परात कढईवर उपडी सरकवली. आग विझली, पण तोवर वरचा प्लास्टिकचा एक्झॉस्ट फॅन आणि फळीवरचे डबे वितळले होते. कुणाला इजा नाही, पण सगळं स्वयंपाकघर काळं झालंय. ओट्याकडची भिंत सिमेंटची, डिस्टेंपर मारलेली. समोरची जुनी, मातीचा गिलावा नि चुना. वर कौलं. जुन्या चुलीवरचे वासे तर आधीपासूनच काळेकुट्ट आहेत. मी ओल्या फडक्यानं एक कोपरा पुसून बघितला, तर डाग जास्तच पसरला. सासूबाई म्हणतात, पाईप लावून सगळं धुऊन काढ आणि चुन्याचे दोन हात मार. मुंबईचे दीर म्हणतात, पेंटर बोलावून ऑइलपेंट फासा. गणपतीला पंधरा दिवस राहिलेत, सगळे चाकरमानी घरी येणार. काय करू? वासेही घासून काढू का? कुणी तोंडावर बोलत नाही, पण माझ्यामुळे घर काळं झालं असं सगळ्यांच्या नजरेत दिसतं."

उत्तर

पोरी, तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. पेटत्या तेलावर तू पाणी ओतलं नाहीस, हे किती मोठं काम केलंस ते तुझ्या घरातल्यांना ठाऊक नसावं. पाणी तेलापेक्षा जड. ते तेलाखाली जातं आणि तिथल्या तिथे त्याची वाफ होते, मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा खाणारी. ती वाफ पेटतं तेल वर उडवते. तुमच्या घरात वर काय आहे? वासे, रीपा, माळ्यावरची नारळाची चुडतं नि सोडणं. गॅस बंद करून परात सरकवलीस म्हणून आज आपण काजळीबद्दल बोलतोय. कढई ठेवून परसात गेलीस ही चूक झाली, ती तुला कळलीय. पण पुढच्या दोन मिनिटांत तू घर वाचवलंस. हा परिच्छेद सगळे जेवायला बसले असताना मोठ्यानं वाचून दाखव.

आता कामाचं. सफाईला हात लावण्याआधी दोन गोष्टी. शेगडीची रबरी नळी आणि रेग्युलेटर आगीच्या धगीत आले असतील तर ते वापरू नकोस, एजन्सीकडून माणूस बोलावून नवी नळी बसवून घे. ती नळी तशीही दर पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. गळतीचा वास आला तर १९०६ हा तातडीचा नंबर आहे. दुसरं, त्या खोलीतला मेन बंद ठेव. वितळलेल्या पंख्याची वायर, ओट्यावरचा सॉकेट, मिक्सर, फ्रिजचा मागचा भाग यांत काजळी शिरलेली असते आणि काजळी म्हणजे कोळसाच, त्यातून वीज वाहते. वायरमननं बघितल्याशिवाय एकही बटण दाबू नकोस.

तो कोपरा पुसल्यावर डाग का पसरला ते आधी समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उमजेल. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. काजळीचा कण एका मायक्रॉनहूनही बारीक. डिस्टेंपरला जी बारीक भोकं असतात, ती या कणाला मोठ्या दरवाज्यासारखी. शिवाय तुझी काजळी नुसती कोरडी नाही, जळक्या तेलाचा चिकट थर तिच्यात मिसळलाय. काजळी भिंतीवर नुसती बसलेली असते तोवर ती तुझ्या हातात आहे. पाणी लागलं की ती शाई होते आणि भिंत ती पिऊन टाकते. सासूबाई पाईप लावून धू म्हणतात त्यांचंही चूक नाही. त्यांच्या काळातलं स्वयंपाकघर शेणानं सारवलेलं, भिंत दरवर्षी नव्यानं लिंपायची, मग धुतली काय नि खरवडली काय. तुझ्या डिस्टेंपरवर पाईप मारला तर छतापासून जमिनीपर्यंत काळे ओघळ येतील आणि ते पुढची पाच वर्षं तिथेच राहतील. मातीच्या भिंतीवर मारला तर गिलावाच सुटेल. म्हणून पहिले तीन-चार दिवस त्या खोलीत भिंतींना पाण्याचा थेंबही लावायचा नाही. आधी कोरडं, मग ओलं.

आणि आता तुझा वाशांचा प्रश्न. तू शेवटी सहज विचारलास, पण मला पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटला.

तुझ्या स्वयंपाकघरात दोन धूर आहेत. एक परवाचा, तेलाचा नि प्लास्टिकचा. दुसरा तुझ्या आजेसासूबाईंच्या आणि त्यांच्याही सासूबाईंच्या चुलीचा, साठ-सत्तर वर्षं रोज दोन वेळा वर गेलेला. ते दोन्ही काळे दिसतात, पण ते एक नाहीत. जुन्या वाशावरून कोरडं बोट फिरवून बघ. वरची नवी काजळी बोटाला लागेल, भुकटीसारखी, जरा तेलकट. ती गोणपाटानं पुसून टाक आणि परत बोट फिरव. खाली लागेल तो थर गुळगुळीत, कडक, जवळजवळ लुकण केल्यासारखा चमकणारा. बोटाला फारसं काही येणार नाही. तो थर म्हणजे लाकडाच्या धुराचं डांबर, वर्षानुवर्षं बसून वाळलेलं. त्यात फिनॉल जातीची द्रव्यं असतात, ती किडीला मानवत नाहीत. धुरावर धरलेली मासळी टिकते तीही बरीचशी याच द्रव्यांमुळे. माझ्या माहेरी दापोलीकडे बांबू, रोवळ्या, सुपं, पडवळ-दोडक्याचं बियाणं, सगळं चुलीवरच्या माळ्यावर जायचं. आई म्हणायची, वर ठेव, धुरी लागू दे. त्या रोवळ्यांना भुंगा लागलेला मला आठवत नाही. त्याच घरातल्या पडवीच्या वाशांना, जिथे धूर पोचत नव्हता, बुकटी पडायची.

म्हणून वासे घासायचे नाहीत. सोडा नको, साबण नको, पॉलिशपेपर तर मुळीच नको. तो थर खरवडलास तर खालचं लाकूड साठ-सत्तर वर्षांत पहिल्यांदा उघडं पडेल, तेही आपल्या पावसाळ्यात. वरची परवाची काजळी तेवढी कोरड्या गोणपाटानं, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, हलक्या हातानं पुसून घे. जुना थर कुठे पापुद्रे सुटून जेवणात पडत असेल तर तो मऊ ब्रशनं झाडून घे आणि थांब. दीर वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावू म्हणतील, कोकणात लाकडाला लावतात ते. ते वाळवीला चांगलं, पण हाताला लागलं तर कातडी भाजते आणि वासही उग्र. गणपतीच्या तोंडावर स्वयंपाकघरात ते नको.

आता खरं काम. हातात रबरी मोजे घाल, अंगात जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला फडकं. तोंडाला ओढणी बांधून भागणार नाही, एवढा बारीक कण ओढणीतून सरळ आत जातो. मेडिकलमधून एन-९५ मास्क आण. काजळी अंगावर बसू देऊ नये हे माणसाला फार जुनं ठाऊक आहे. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यविशारदानं लिहून ठेवलं, की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या कॅन्सरचं मूळ त्यांच्या कातडीवर साचणाऱ्या काजळीत आहे. ती पोरं वर्षानुवर्षं त्यातच असायची, तुझं चार दिवसांचं काम तसं नाही, घाबरू नकोस. पण मोजे काढून, पदर खोचून, घाम पुसत काम करायची आपली सवय या वेळी बाजूला ठेव. लहान मुलांना आणि दम्याच्या माणसाला त्या खोलीत येऊ देऊ नकोस. माजघराच्या दाराला ओली चादर टांग, परसाचं दार उघडं टाक.

वरून खाली ये. कोपऱ्यांत काळी जळमटं लोंबताना दिसतील. ती कोळ्याची नाहीत. तेला-प्लास्टिकचा धूर असला की काजळीचे कण एकमेकांना धरून लांब माळा होतात आणि जुन्या जाळ्यांवर चढून लोंबतात. त्यांना खराट्यानं फटका मारलास तर खोलीभर होतील. चार इंची मऊ रंगाचा ब्रश घे, दुसऱ्या हातात सुपली धर आणि भिंतीलगत, अलगद, वरून खाली सुपलीत उतरव. घरात व्हॅक्युम क्लीनर असेल तर उत्तम, नळीचं तोंड भिंतीपासून बोटभर लांब धरायचं, टेकवायचं नाही. टेकवलं की घासलं जातं, आणि घासलं की मुरतं.

ब्रश झाल्यावर डिस्टेंपरच्या भिंतीला कणकेचा गोळा लाव. हसू नकोस. परदेशात कोळशाच्या शेगड्यांच्या काळात भिंतींवरच्या कागदाची काजळी काढायला पिठाचा असाच गोळा विकत मिळायचा. मुलं खेळतात तो प्ले-डो मुळात तोच, १९५६ साली तो खेळणं म्हणून बाजारात आला. पावसात टोके झालेली कणीक घरात असतेच, ती चाळून घे, चिमूटभर मीठ घालून पुऱ्यांच्या कणकेपेक्षा घट्ट मळ. तेल अजिबात नको. पाणी एवढंच, की गोळा हाताला चिकटणार नाही. तांदळाचं पीठ इथे उपयोगाचं नाही, त्याला चिकटा नसतो, भुगा होऊन पडेल. गोळा भिंतीवर दाब, जरासा लाटल्यासारखा फिरव आणि उचल. घासायचं नाही. पहिल्या दाबालाच तो एका बाजूनं काळा होईल. तो भाग आत दुमडून पांढरी बाजू वर काढ आणि पुढच्या जागेवर लाव. हातभर भिंतीतच गोळा राखाडी होतो, मग नवा घ्यायचा. वेळ लागतो, खांदे भरून येतात. पण गोळा उचलताना खालून डिस्टेंपरचा मूळ रंग निघतो ना, तो बघितल्यावर थांबवत नाही. वापरलेले गोळे गुरांना किंवा कोंबड्यांना घालू नकोस, त्यात प्लास्टिकचा धूर आहे. पुरून टाक.

मातीच्या भिंतीला कणीक नको, चुना सुटून येईल. तिथे नुसता ब्रश, आणि जिथे डाग खोल गेलाय तिथे पत्र्याच्या सुरीनं चुन्याचा वरचा पापुद्रा खरवडून काढ. तिचं पुढे काय करायचं ते सांगते.

एवढं झालं की मग पाणी. अर्धी बादली कोमट पाणी, त्यात दोन चमचे धुण्याचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. शेजारी दुसरी बादली नुसत्या पाण्याची. सोडा क्षार असतो, तो तेलाचा थर पकडतो आणि त्याचा साबणासारखा फेस करून सोडवतो. राखेनं भांडी लख्ख निघायची ती याच गुणानं. मऊ फडकं पिळून घे, ठिबकता कामा नये. आणि इथे आतापर्यंतचा नियम उलटा: धुताना खालून वर जायचं. वरून सुरू केलंस तर मळकं पाणी खालच्या न धुतलेल्या भिंतीवर ओघळतं आणि ते ओघळ कायमचे उमटतात. खालची भिंत आधीच ओली नि स्वच्छ असेल तर वरून आलेला ओघळ तिच्यावर बसत नाही. दोन हात जागा धुवायची, लगेच साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसायची, कोरड्यानं टिपायची, मग पुढे. बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं की ओतून दे, मळक्या पाण्यानं भिंत धुणं म्हणजे भिंत रंगवणंच. तो तू पुसलेला कोपरा पूर्ण निघणार नाही, तो रंगाच्या वेळी बघू.

ओट्याच्या टाईल्स, काच, स्टील यांना हेच पाणी जरा जास्त सोड्याचं चालेल. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र सोडा नको, राखही नको, ती काळी पडतात नि खरवडली जातात. त्यांना नुसतं लिक्विड. टाईल्स लवकर उजळाव्यात म्हणून कुणी संडासातलं अ‍ॅसिड किंवा ब्लीच आणून देईल. घेऊ नकोस. ही दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो.

आणि एक गोष्ट मी खरं तर पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती: पितळ आणि तांबं. वितळलेल्या वायरीवरचं प्लास्टिक पीव्हीसीचं असतं. ते जळताना त्यातून मिठाच्या आम्लाची वाफ निघते, काजळीबरोबर ती भांड्यांवर बसते. खाडीची खारी हवा त्यात भर घालते. तुझी पितळी परात, समया, पूजेचा तांब्या, मोदकपात्र आजच्या आज खाली काढून साबणानं धू आणि कोरडी कर. आधीच हिरवट ठिपके दिसत असतील तर परसातली बिंबलं चेचून चोळ, नाहीतर कोकमाचं साल नि मीठ. चिंचेपेक्षा बिंबलं मला जास्त कामाची वाटतात. नंतर भरपूर पाण्यानं धुवायला विसरू नकोस, आंबटपणा राहिला तर भांडं दोन दिवसांत पुन्हा काळवंडेल. नळाची तोटी, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या यांनाही ओल्या फडक्यानं पुसून थेंबभर तेल.

खाण्याच्या वस्तूंच्या बाबतीत जीव कठोर कर. आगोटीला भरलेली बेगमी टाकायची म्हणजे पोटात कालवतं, मला माहीत आहे. उघडी पिठं, कागदी पुड्या, प्लास्टिकच्या पातळ पिशवीतले पापड, कुरडया, सुका जवळा, सोडे, आंबापोळी, फणसपोळी हे त्या खोलीत असेल तर टाकून दे. धूर पातळ प्लास्टिकमधून आत जातो, आणि तेलकट किंवा गोड पदार्थ तो धरून ठेवतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांतलं, काचेच्या बाटलीतलं कोकमाचं आगळ, चिनी मातीच्या बरणीतलं लोणचं चालेल, पण बरणीच्या तोंडाचं फडकं काढण्याआधी बरणी बाहेरून धू, नाहीतर फडक्यावरची काजळीच लोणच्यात पडेल. धगीजवळचे डबे, झाकण घट्ट असलं तरी, नको. लाकडी पोळपाट-लाटणं, खवणीचा पाट सोड्यानं धुऊन उन्हात ठेव. आठ दिवसांनी हुंगून वास आला तर चुलीत घाल.

आता चुना आणि ऑइलपेंट. इथे मी माझ्या माहेरचं सांगते. आमच्याकडे एकदा न्हाणीच्या चुलाण्यालगतची सुकी चुडतं पेटली आणि शेजारची भिंत काळी झाली. आम्ही झाडली, आणि गावातल्या एकांकडून चुन्याचे दोन हात मारून घेतले. पांढरीशुभ्र झाली. चौथ्या दिवशी सकाळी भिंतीवर कोऱ्या चहाच्या रंगाचे डाग उमटलेले. परत हात मारला, परत फुटले. चार वेळा. वडील म्हणायचे, चुना भेसळीचा आहे. चुना चांगलाच होता. धुराचं डांबर पाण्यात थोडं विरघळतं, ओल्या चुन्यात उतरतं आणि चुना सुकताना पाण्याबरोबर वर येऊन बसतं. तुम्ही कितीही थर द्या, ते प्रत्येक थरातून चढतं. पाण्यातल्या कुठल्याही रंगाला हेच होतं. ऑइलपेंट डाग बराचसा अडवतो, पण तेलकट काजळीवर थेट मारलेला रंग धरत नाही, आणि ओल्या भिंतीवर मारला तर आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही. दोन पावसाळ्यांत फोड येऊन तो पोपड्यांनी सुटतो.

डाग अडवायला लाख लागते. सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात ती चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. आज तयार डब्यातही लाखेचा प्रायमर मिळतो. सिमेंटच्या भिंतीवर धुऊन पूर्ण सुकल्यावर त्याचा एक हात, मग डिस्टेंपर. त्या वेळी गॅस बंद आणि देवघरातली समईही बाहेर, स्पिरिट भडकतं. पण लाखेवर चुना कधीच नको. लाख क्षारात विरघळते आणि ओला चुना कडक क्षार असतो, सगळी मेहनत वाया जाईल. मातीच्या भिंतीला लाखही नको, ऑइलपेंटही नको. तिथे वरचा चुना नि डाग मुरलेला पातळ गिलावा खरवडून काढायचा, नवी माती लिंपायची आणि ती वाळल्यावर चुना. हे काम सासूबाईंना तुझ्यापेक्षा जास्त येतं, त्यांच्याकडूनच करून घे.

पण यातलं काहीही आत्ता नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि भाद्रपदात भिंत हाताला गार लागते ती ओलीमुळेच. आत्ता लावलेला प्रायमर ओल आत कोंडेल. दिवाळी होऊ दे, वारा कोरडा होऊ दे, कार्तिकात भिंतीला हात लावून बघ आणि मग काम काढ. गणपतीला घर रंगवलेलं हवं ही आपली रीत मला ठाऊक आहे. ओटी रंगव, माखराची भिंत रंगव. स्वयंपाकघर स्वच्छ आणि डागाचं राहिलं तर गणपतीला चालेल, चाकरमान्यांनाही चालवून घ्यावं लागेल.

एक मात्र ऐक: यंदा मोदक त्या खोलीत उकडू नकोस. एकवीस-एकवीसाचे चार-पाच घाणे म्हणजे दोन तास वाफ. ती थंड भिंतीवर बसते, मुरलेलं काळं सोडवते आणि ओघळत खाली येते, थेट पानावर थेंब पडायचा. मागच्या पडवीत पत्रा आडवा लावून तिथे शेगडी मांड, उकड नि सारण तिथेच. हळदीची पानं काढायलाही परस जवळ. सासूबाईंना सांग, तुमच्या वेळी लग्नाकार्याला पडवीतच चूल असायची ना, तसं करू या. मला वाटतं त्यांना ते आवडेल.

वासाचं काय, तर उदबत्ती-धूप लावून तो झाकू नकोस, धुरावर धूर चढतो. रोज परसाचं दार नि खिडकी उघडी, रात्री दोन-तीन ताटल्यांत खायचा सोडा पसरून ठेव आणि तीन दिवसांनी बदल. पडदे, टेबलक्लॉथ धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून धू. वास पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नकोस, उष्णतेनं तो धाग्यात बसतो. पाऊस लागून राहिला की वास पुन्हा जाणवेल. सफाई कमी पडली असं मनात आणू नकोस, दमट हवेत भिंतीत मुरलेलं सुटतं. कोरड्या दिवशी तो निम्मा होतो, लाख लागल्यावर जातो.

तुमच्या स्वयंपाकघरात काचेचं कौल असणार, जुन्या घरात असतंच. ते आतून काळं झालं असेल. नवऱ्याला शिडीवर चढव, ओल्या कौलांवर वरून पाय ठेवू देऊ नकोस, आतूनच ब्रश, मग सोड्याचं फडकं, मग कोरडं. हे सगळ्यात शेवटी करायला सांगतेय त्याला कारण आहे. उघडीप मिळाली की दुपारी बारा-साडेबाराला दिवे न लावता ओट्यासमोर उभी राहा. कौलातून उन्हाचा चौकोन खाली पडेल आणि भिंतीवर तिरका उजेड येईल. ट्यूबलाइटखाली न दिसणारे पट्टे त्यात दिसतात. जिथे दिसतील तिथे खडूनं खूण कर, आणि संध्याकाळी तेवढ्याच जागा साध्या पाण्यानं पुन्हा एकदा खालून वर पूस.